पदवी आपली, मान्यता कोणाची?

परदेशातील नोकरीचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत आखाती देशांची नावे प्रथम येत असत. अलीकडे त्यांच्या जोडीला जर्मनीचे नाव आले आहे. त्याला कारणही तसेच घडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परिचारिका, तंत्रज्ञ, वीजतंत्री, वाहनचालक अशा विविध क्षेत्रांतील सुमारे दहा हजार तरुण-तरुणींना तेथे पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि मराठवाड्यातील अनेक पालकांच्या मनात नवी आशा निर्माण झाली.

या आशेचे आम्ही स्वागतच करतो. मात्र करारावर सही होणे आणि आपल्या मुलीच्या प्रमाणपत्राला परक्या देशात मान्यता मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या वाचकांनी प्रारंभीच लक्षात घ्यावे, असे आम्हांस वाटते. करार दोन सरकारांमध्ये होतो. मान्यता मात्र प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्रपणे मिळवावी लागते. ती कोण देते, कशाच्या आधारे देते आणि ती नाकारली गेल्यास विद्यार्थ्याच्या हाती काय उरते, या प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसल्यामुळे कर्ज काढून गेलेली माणसे निराश होतात. म्हणूनच पदव्यांच्या आणि अभ्यासकाळाच्या मान्यतेचा हा काहीसा रूक्ष विषय आम्ही आज हाती घेतला आहे.

युरोपने काय केले?

युरोपात लहान-मोठी अनेक राष्ट्रे आहेत. प्रत्येकाची भाषा वेगळी, शाळा वेगळी, पदवीचे नावही वेगळे. एका देशात पाच वर्षे शिकलेल्या माणसाला शेजारच्या देशात पुन्हा पहिल्या वर्षाला बसावे लागे. या अडचणीवर उपाय म्हणून ११ एप्रिल १९९७ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे युरोप परिषद आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने एक करार झाला. लिस्बन मान्यता करार या नावाने तो ओळखला जातो. आज पन्नासहून अधिक देश त्याने बांधले गेले आहेत. पुढे १९ जून १९९९ रोजी इटलीतील बोलोन्या येथे २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी उच्च शिक्षणाची सामाईक चौकट उभारण्याचे ठरविले. या प्रक्रियेत आता ४९ देश सहभागी आहेत.

लिस्बन कराराने सर्व पदव्या सारख्या ठरविल्या, असा समज अनेकांचा असतो. तसे झालेले नाही. कराराने एक साधा पण दूरगामी नियम घातला. परदेशी पदवी घेऊन आलेल्या माणसाचे शिक्षण आणि आपल्याकडील शिक्षण यांत ठळक तफावत असल्याखेरीज त्याला मान्यता नाकारता येत नाही. ही तफावत आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेवर असते. नकाराची कारणे लेखी कळवावी लागतात, निर्णय वाजवी मुदतीत द्यावा लागतो आणि अर्जदाराला अपील करता येते. अर्जदाराचे कर्तव्य एवढेच की, त्याने आपली माहिती प्रामाणिकपणे पुरवावी. त्याचप्रमाणे ज्या संस्थेत तो शिकला त्या संस्थेनेही मागितलेली माहिती वेळेवर द्यावी, असे बंधन आहे.

वाचकांच्या लक्षात येईल की, येथे सिद्धतेचे ओझे दुर्बलाच्या खांद्यावरून सबलाच्या खांद्यावर ठेवले गेले आहे. 'तुझे शिक्षण आमच्या तोडीचे आहे हे तू सिद्ध कर' असे न म्हणता 'ते तोडीचे नाही असे वाटत असेल तर आम्ही तसे दाखवून देऊ' अशी भूमिका कराराने घेतली. युद्धामुळे घरदार सोडून आलेल्या आणि कागदपत्रे हरवलेल्या निर्वासितांच्या शिक्षणाचा विचार करण्याचे कर्तव्यही त्याने सदस्य देशांवर सोपविले. कागद जळाला म्हणून शिकलेले विसरले जात नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

या कराराचा एक संपूर्ण विभाग अपुऱ्या राहिलेल्या अभ्यासाविषयी आहे. एखाद्याने एका देशात दोन वर्षे शिकून दुसऱ्या देशात शिक्षण पुढे सुरू केले, तर ती दोन वर्षे जमेस धरली जावीत असे तो सांगतो. त्यासाठी मोजमापाचे साधनही युरोपात आधीच तयार होत होते. १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत १९८९ पासून श्रेयांकांची पद्धत राबविण्यात आली. एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासाला ६० श्रेयांक आणि प्रत्येक श्रेयांकामागे साधारण २५ ते ३० तासांचे काम, असा तो हिशेब आहे. पदवीसोबत एक पुरवणीही दिली जाते. कोणते विषय, किती तास, कोणत्या पातळीचे शिक्षण, गुणांकनाची पद्धत कोणती, हे सर्व तिच्यात लिहिलेले असते. पदवीचे नाव न समजलेल्या परक्या अधिकाऱ्याला ही पुरवणी वाचून तिचे मोल समजते.

परिचारिकेचा प्रवास

आता आपल्या दाराशी येऊ. मान्यतेचे दोन प्रकार असतात. पुढील शिक्षणासाठी पदवी मानली जाणे ही शैक्षणिक मान्यता, आणि त्या पदवीच्या बळावर व्यवसाय करू दिला जाणे ही व्यावसायिक मान्यता. रुग्णाच्या जिवाशी संबंध येत असल्यामुळे परिचर्येसारख्या क्षेत्रात दुसऱ्या प्रकारचे नियम अधिक कडक असतात, आणि ते योग्यच आहे.

युरोपीय संघाच्या २००५ च्या एका निर्देशानुसार संघातील देशांच्या सामान्य परिचारिकांना परस्परांकडे आपोआप मान्यता मिळते. त्यासाठी किमान तीन वर्षांचे आणि ४६०० तासांचे प्रशिक्षण आवश्यक असते. त्यात निदान एक तृतीयांश भाग वर्गातील शिक्षणाचा व निदान निम्मा भाग प्रत्यक्ष रुग्णसेवेचा असावा लागतो. पोर्तुगालची परिचारिका त्यामुळे जर्मनीत तुलनेने सहज कामाला लागते. छत्रपती संभाजीनगर किंवा जालना येथे तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आपल्या मुलीला ही आपोआप मिळणारी मान्यता नाही. तिच्या कागदपत्रांची एकेक करून तपासणी होते.

२०१२ पासून जर्मनीत परदेशी व्यावसायिक पात्रतेच्या तपासणीचा स्वतंत्र कायदा आहे आणि अशा तपासणीची मागणी करण्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे. तपासणीचे काम तेथील त्या त्या राज्याचे सक्षम कार्यालय करते. २०२० पासून लागू झालेल्या नव्या जर्मन अभ्यासक्रमात २१०० तासांचे वर्गशिक्षण आणि २५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे. आपल्या मुलीचे तास त्याच्याशी ताडून पाहिले जातात. तफावत आढळली, तर ती कोणत्या विषयांत आहे हे कळविणारे लेखी पत्र मिळते. आपल्याकडील अभ्यासक्रमात प्रसूतिसेवा आणि सामुदायिक आरोग्य यांना मोठे स्थान आहे. तिकडे वृद्धांच्या दीर्घकालीन सेवेवर बराच भर असतो. अशी तफावत निघाल्यास दोन मार्ग राहतात : तेथील रुग्णालयात पूरक प्रशिक्षण घेणे किंवा ज्ञानाची परीक्षा देणे. जर्मन भाषेची बी-२ ही पातळीही गाठावी लागते. हे सर्व पूर्ण होईपर्यंत ती साहाय्यक म्हणून काम करू शकते, परंतु पूर्ण परिचारिका म्हणवून घेऊ शकत नाही आणि वेतनही त्यानुसार कमी असते.

हे पत्र म्हणजे अपमान नव्हे, तसेच अंतिम नकारही नव्हे. काय शिकायचे बाकी आहे याची ती यादी असते. मात्र येथे एक कटू सत्य सांगणे आवश्यक आहे. पुष्कळदा ही यादी लांबते, ती मुलीला कमी येते म्हणून नव्हे, तर तिने जे शिकले ते कोठेही लिहिलेले नसते म्हणून. गुणपत्रिकेवर विषयाचे नाव आणि गुण असतात. किती तास शिकविले, कोणत्या कक्षात किती आठवडे काम केले, हे तीवर नसते. जे लिहिलेले नाही ते परक्या कार्यालयाच्या दृष्टीने घडलेलेच नाही. रात्रपाळ्या करून मिळविलेला अनुभव अशा प्रकारे एका कोऱ्या रकान्यापायी शून्यावर येतो.

पदवीधर विद्यार्थ्यांचीही स्थिती फार निराळी नाही. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीत शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसापूर्वी दिल्लीतील शैक्षणिक मूल्यमापन केंद्राकडून आपली कागदपत्रे खरी असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. बनावट कागदपत्रांचा सुळसुळाट हे त्याचे प्रमुख कारण होय. काहींच्या खोटेपणाचा भुर्दंड प्रामाणिक मुलांना कसा भरावा लागतो, याचे हे उदाहरण आहे.

आपण इतरांशी कसे वागतो?

युरोपने आपल्याला न्याय द्यावा, अशी अपेक्षा करताना आपण इतरांना काय दिले, हेही पाहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी सामान्यतः एका वर्षात पूर्ण होते. आपल्याकडे ती दोन वर्षांची. केवळ या कारणाने तेथून शिकून आलेल्या भारतीय मुलांना मायदेशी समकक्षता मिळविताना अडचणी येत असत. मार्च २०१८ मध्ये फ्रान्सशी आणि जुलै २०२२ मध्ये ब्रिटनशी भारताने पदव्यांच्या परस्पर मान्यतेचे करार केले, तेव्हा हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. मात्र ब्रिटनशी झालेल्या करारातून वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, विधी व वास्तुकला यांच्या व्यावसायिक पदव्या वगळलेल्या आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ४ एप्रिल २०२५ रोजी परदेशी पदव्यांच्या मान्यतेचे नवे विनियम लागू केले. अर्ज ऑनलाइन करावयाचा, तज्ज्ञांच्या समितीने तो तपासावयाचा आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय कळवावयाचा, अशी त्यात व्यवस्था आहे. ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु परिचर्या, वैद्यक, विधी यांसारखी वैधानिक परिषदांच्या अखत्यारीतील क्षेत्रे येथेही बाहेर ठेवलेली आहेत. म्हणजे आपल्या समाजातील मुली ज्या व्यवसायात सर्वाधिक निष्ठेने उतरल्या, त्या व्यवसायाला दोन्हीकडे वेगळाच दरवाजा ठोठवावा लागतो.

अर्धवट राहिलेली वर्षे

परदेशी जाणाऱ्यांची संख्या कितीही वाढली तरी मोठा समाज येथेच राहणार आहे. त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचा आहे. मराठवाड्यात दुष्काळ पडला की कॉलेज सुटते. वडील आजारी पडले की थोरला मुलगा वाळूजच्या कारखान्यात कामाला लागतो. मुलीचे लग्न ठरले की तिचे दुसरे वर्ष तेथेच थांबते. अशा मुला-मुलींना आपण एका शब्दात 'नापास' किंवा 'सोडलेले' म्हणून मोकळे होतो. त्यांनी उत्तीर्ण केलेली दोन-चार सत्रे कोणाच्याच हिशेबात राहत नाहीत.

या शहराला तरी या गोष्टीचे मोल कळावयास हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. स्वतः बाबासाहेबांचे शिक्षण एका दमात झालेले नाही. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी दिली होती. त्या परवानगीच्या आधारे ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथील पीएच.डी. पदवी मात्र प्रबंध छापून सादर झाल्यावर १९२७ साली त्यांना मिळाली. दोन्ही विद्यापीठांनी मधल्या खंडामुळे त्यांचे आधीचे काम पुसून टाकले असते, तर काय झाले असते, याचा प्रत्येकाने विचार करावा. चार वर्षांची ती सवलत ही कोणाची कृपा नव्हती. शिकलेल्याचा मान राखणारा तो एक नियम होता.

भारतात आता असा नियम सर्वांसाठी आला आहे. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक श्रेयांक पेढी स्थापन केली. बँकेत पैसे जमा व्हावेत तसे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात आणि साधारणतः सात वर्षांपर्यंत ते वापरता येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एक वर्ष पूर्ण करून थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी मिळण्याची सोय आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने एका वर्षाला १२०० तास आणि ४० श्रेयांक असा हिशेब धरला आहे. युरोपचे साठ आणि आपले चाळीस हे आकडे पाहून कोणी घाबरू नये, परंतु परदेशात अर्ज करताना तास लिहून दाखविणे किती आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

कागदावरील ही योजना उत्तम आहे. तिचा लाभ मात्र ज्याने खाते उघडले त्यालाच मिळतो. श्रेयांक जमा झाले की नाहीत हे किती विद्यार्थी पाहतात? किती महाविद्यालये त्यांना ते पाहावयास शिकवितात? खेड्यातून येणाऱ्या, घरात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलाला हे कोणी समजावून सांगितले नाही, तर पेढी असूनही त्याची झोळी रिकामीच राहील.

ख्रिस्तसभेचा अनुभव

या विषयाशी ख्रिस्तसभेचा थेट संबंध आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. व्हॅटिकनचे पवित्र पीठ २००१ पासून लिस्बन करारात आणि २००३ पासून बोलोन्या प्रक्रियेत सहभागी आहे. परमगुरुपीठाच्या विद्यापीठांचा दर्जा तपासण्यासाठी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली स्वतंत्र संस्थाही स्थापन केली. आपल्या पदव्या इतरांनी मानाव्यात असे वाटत असेल, तर आपला दर्जा बाहेरच्यांनी तपासण्यास आपण तयार असले पाहिजे, हा धडा ख्रिस्तसभेने स्वतः गिरविला आहे.

आपल्या देशात मात्र चित्र वेगळे आहे. पुण्यातील ज्ञानदीप विद्यापीठ १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे सुरू झालेल्या परमगुरुपीठीय सेमिनरीच्या परंपरेतून आले आणि १९५५ मध्ये ती परंपरा पुण्यास स्थिरावली. तेथील तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाच्या पदव्या रोममध्ये पुढील अभ्यासासाठी चालतात, कारण त्या एकाच व्यवस्थेतील आहेत. भारतीय कायद्यानुसार मात्र पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि अभिमत विद्यापीठांनाच असल्यामुळे केवळ परमगुरुपीठाच्या अधिकाराने दिलेली पदवी शासकीय नोकरीसाठी वा विद्यापीठातील प्रवेशासाठी आपोआप धरली जात नाही. म्हणूनच सेमिनरीतील अनेक बंधू मुक्त विद्यापीठाची बी.ए. पदवीही सोबत घेतात. जो तरुण काही वर्षे शिकून, आपले पाचारण निराळे आहे हे ओळखून प्रपंचात परततो, त्याच्यासाठी ही बाब फार गंभीर ठरते. तर्कशास्त्र, मानसशास्त्र, भाषा शिकलेला असा तरुण नोकरीच्या अर्जावर केवळ 'बारावी उत्तीर्ण' एवढेच लिहू शकत असेल, तर त्याच्या त्या वर्षांचे आपण काही देणे लागतो.

काय करता येईल?

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी काही गोष्टी आजच कराव्यात. गुणपत्रिकेबरोबर प्रत्येक वर्षाचा छापील अभ्यासक्रम, विषयवार तास आणि प्रात्यक्षिकांची नोंदवही जपून ठेवावी. परिचारिकांनी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेवावी आणि जेथे काम केले तेथून कक्ष व कालावधी नमूद केलेले अनुभवपत्र घ्यावे. जन्मदाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि पारपत्र यांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. नावातील एका अक्षराच्या फरकाने महिने वाया जातात. कोणी दलाल 'मान्यतेची हमी' देऊ लागला, तर त्याच्यापासून दूर राहावे, कारण मान्यता देणे कोणत्याही दलालाच्या हाती नसते. नोंदणीकृत भरती संस्थांची नावे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतात. केरळमध्ये नोर्का रूट्स ही शासकीय संस्था २०२१ पासून जर्मन यंत्रणांबरोबर परिचारिकांना पाठविण्याचे काम करीत आहे. दलालाशिवायचा मार्ग अशक्य नाही, हे त्यावरून दिसते.

आपल्या संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. आपल्या धर्मभगिनींनी चालविलेली रुग्णालये आणि परिचर्या विद्यालये सेवेसाठी नावाजलेली आहेत. त्यांनी प्रत्येक उत्तीर्ण विद्यार्थिनीला तासांचे आणि प्रशिक्षणाचे तपशीलवार विवरण न मागता द्यावे. दहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी विचारावयास आली, तर तिला हेलपाटे घालावयास लावू नयेत. धर्मग्रामांत शिक्षित प्रापंचिकांनी वर्षातून एकदा बसून महाविद्यालयीन मुलांची श्रेयांक खाती उघडून द्यावीत. सेमिनरीतून परतणाऱ्या तरुणाला त्याच्या अभ्यासाचे विवरण सन्मानाने हाती दिले जावे. या कामांना देणगी लागत नाही, सरकारी आदेशही लागत नाही. नोंद ठेवण्याची शिस्त तेवढी लागते.

युरोपातील राष्ट्रांनी शतकानुशतके एकमेकांशी युद्धे केली. त्याच राष्ट्रांना परस्परांच्या वर्गखोल्यांवर विश्वास ठेवण्याचा नियम करता आला. तो विश्वास आपल्यापर्यंत पोहोचावयास वेळ लागेल. तोपर्यंत आपल्या एकाही मुलीचे शिकलेले वर्ष आपल्याच संस्थेच्या कपाटात नोंदीअभावी हरवू नये, एवढी काळजी आपण नक्कीच घेऊ शकतो.